पहिले पाचशे मैल

टेलर, मिशिगन
१२ फेब्रुवारी १९८९

प्रिय ऑर्विलकाका यांस,

मी वेंडेल, रॉयसचा मुलगा. आपण आजीच्या मयताला भेटलो होतो. तेव्हा मी शाळेत होतो आणि तुम्ही मला ‘काडीपैलवान’ म्हणाला होतात. बाबा म्हणाले, “फोन करून उपयोग नाही, कारखान्यातल्या घणांनी त्याचे कान कधीच खाल्ले. पत्र लिही.” शाळा मी अर्ध्यावर सोडली, म्हणून शब्दकोश शेजारी ठेवून लिहितो आहे. चूक दिसली तर कळवा.

काम असं आहे. बाबांची शेव्हेल गाडी तुम्हाला आठवत असेल. एकोणसत्तरची, गडद हिरवी. मला कळायला लागल्यापासून ती गॅरेजात ताडपत्रीखाली चार ठोकळ्यांवर उभी आहे. आई दर वसंतात म्हणायची, “ते भूत विकून टाका हो, मला कपडे वाळत घालायला जागा होईल.” आई गेली आणि बाबांनी ताडपत्रीला हात लावणंही सोडलं. पण गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी ती स्वतःच ओढून बाजूला टाकली. म्हणाले, “वेंडेल, हिला रस्त्यावर आणायची. इंजिन माझं. इंजिनाच्या मागचं सगळं तुझं. आणि ही रस्त्यावर येईपर्यंत मी कुठे जात नाही. मासे धरायलासुद्धा नाही.”

त्यांचं इंजिन थंडी पडायच्या आत तयार झालं. लोखंडी घोडीवर ठेवून सुरू केलं तेव्हा शेजारच्या कोवाल्स्कीकाकू कुंपणाशी येऊन ओरडल्या, “रॉयस, माझ्या फळीवरच्या बश्या चालायला लागल्या!” बाबा म्हणाले, “मग त्यांना रस्ता द्या, काकू.”

क्लच, चार गिअरचा गिअरबॉक्स आणि मागे जाणारा लांब शाफ्ट मी बसवला आहे. उरलं मागचं अ‍ॅक्सल. त्यात नवं क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, घालायचं आहे. शाफ्टचे चार फेरे झाले की चाकाचा एक, असं तगडं. मला त्याचीच भीती वाटते. इंजिनाची सगळी ताकद त्या दोन दातेरी तुकड्यांतून जाणार. केसाएवढं चुकलं तरी गाडी आधी रडायला लागते आणि मग दात फुटतात, एवढं मला माहीत आहे. तुम्ही अ‍ॅक्सलच्या कारखान्यात जन्मभर हेच केलंत. मला नीट क्रमानं लिहून पाठवाल का?

सगळे बोल्ट कॉफीच्या रिकाम्या डब्यांत ठेवलेत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी आहे. बाबा कायम तीन पौंडांचा डबा आणतात, त्यामुळे डब्यांना तोटा नाही.

बाबांची छाती या थंडीत जरा भरली आहे. गॅरेजात फार उभे राहत नाहीत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून हुकूम सोडतात. बाकी ठीक.

तुमचा पुतण्या,
वेंडेल स्टिडम

❖

हॅझर्ड, केंटकी
१९ फेब्रुवारी १९८९

काडीपैलवान,

पत्र मिळालं. चूक एकही नाही, त्यामुळे वाचायला मजा आली नाही. तुझ्या बापाच्या पत्रात दर ओळीला हसायला मिळायचं. मिळायचं म्हणजे तो लिहायचा तेव्हा.

आता ऐक. क्राऊन आणि पिनियन दोन्हीवर एकच नंबर कोरलेला असेल. नसेल तर परत कर. त्या दोघांचं लग्न कारखान्यातच लागतं, एकाचा जोडीदार दुसऱ्याला लावला की घरात भांडणं. पिनियन किती आत बसवायचं ते त्याच्यामागच्या पातळ चकत्यांवर ठरतं. एक चकती घाल, बसव, मोज. पुन्हा काढ, दुसरी घाल. कंटाळा आला तर जाऊन जेव, पण अंदाजानं बसवू नकोस. दाताला दात लागतो तिथं किंचित मोकळी सूट हवी, आठ हजारांश इंच. मापाचं घड्याळ बापाकडे आहे, ते मीच त्याला दिलंय आणि त्यानं परत केलेलं नाही.

मग दातांना पिवळी पेस्ट लाव आणि क्राऊनला लाकडानं थोडा अडवून हातानं फिरव. दातावर ठसा उठेल. तो दाताच्या मधोमध, भोपळ्याच्या बीसारखा आला पाहिजे. चिकटपट्टीनं तो ठसा उचल, कागदावर चिकटव आणि मला पाठव. माझे कान गेलेत, डोळे नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पहिले पाचशे मैल. नवे दात एकमेकांना ओळखत नसतात. पहिल्या दिवशी पंधरा मैल सावकाश जायचं, घरी यायचं, अ‍ॅक्सलवर हात ठेवता येईल इतकं थंड होऊ द्यायचं. मग पुन्हा. पाचशे मैल होईपर्यंत पाय दाबायचा नाही. शेजारी मुलगी बसली तरी नाही, सिग्नलला कुणी हसलं तरी नाही. पाचशे झाले की तेल काढून नवं भर, आणि मग काय आग लावायची ती लाव. पाचशे म्हणजे पाचशे. मी घाई करणाऱ्यांचे दात तसराळ्यात गोळा केलेत.

रॉयसला सांग, छातीला मध आणि व्हिस्की. मध नसला तरी चालेल.

ऑर्विलकाका

❖

टेलर, मिशिगन
५ मार्च १९८९

प्रिय ऑर्विलकाका,

तुमचं पत्र गॅरेजच्या भिंतीवर, पान्यांच्या फळीशेजारी लावलं आहे. सोबत ठसा पाठवतो. चिकटपट्टीच्या कडेला बोट लागलं आहे, तेवढं सोडून बघावं.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. सूट आठ हजारांश आली. तरी मला ठसा जरा बाहेरच्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो. बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “हा ठसा मी फ्रेममध्ये लावीन.” ते मला बरं वाटावं म्हणून बोलत असतील. म्हणून मी सगळं पुन्हा उघडतो आहे.

तसाही रस्ता अजून पांढरा आहे. बर्फ वितळवायला मिठाचे ट्रक रोज फिरतात, आणि मिठानं पत्रा गंजतो. पावसानं मीठ धुऊन जाईपर्यंत इथे कुणीच जुनी गाडी बाहेर काढत नाही. त्यामुळे वेळ आहे.

तुमचा,
वेंडेल

❖

हॅझर्ड, केंटकी
११ मार्च १९८९

वेंडेल,

ठसा पाहिला. खिडकीत पाहिला, दिव्याखाली पाहिला, मग भिंग घेऊन पाहिला. तुझ्या बापाचं बरोबर आहे. माझ्या हाताखालच्या माणसांत असा ठसा वर्षातून एखादा आणायचा, आणि तो दिवसभर मिरवायचा.

उघडू नकोस. उघडलं असशील तर होतं तसं बसव. भीती वाटते म्हणून चांगलं काम मोडायचं नसतं.

ऑर्विलकाका

❖

टेलर, मिशिगन
२६ मार्च १९८९

ऑर्विलदादा,

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. उशीवर कागद ठेवून लिहितोय. पोरगा पार्ट्सच्या दुकानात गेलाय तेवढ्यात उरकतो.

माझ्या छातीत आहे ते बरं होणारं नाही. डॉक्टरला विचारलं, उन्हाळा दिसेल का. म्हणाला, “सांगता येत नाही.” फार सभ्य माणूस आहे. त्याला चांगलं सांगता येत होतं.

वेंडेलला बोललेलो नाही. तो कसा आहे ते तुला माहीत नाही. घाबरला की त्याचे हात थरथरतात. त्याची आई गेली तेव्हा महिनाभर त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, कोवाल्स्कीबाई बांधून द्यायच्या. सतरा वर्षांचा घोडा, पायऱ्यांवर बसून पाय पुढे करायचा. आता त्याला हे कळलं तर ती गाडी पुरी व्हायची नाही. आणि दादा, मला आता दुसरं काही नकोय. मला त्या गाडीत त्याच्या शेजारी बसायचंय. चालवणार तो. माझ्यात क्लच दाबायला पाय उरलेला नाही. त्यानं एकदा, फक्त एकदा, तिसऱ्यात टाकून पाय दाबावा आणि माझी पाठ सीटला चिकटावी. तुझी टोपी गेली होती तेव्हासारखी.

पण हा पोरगा पुरं करीना. तुझा निरोप आला तरी त्यानं अ‍ॅक्सल पुन्हा उघडलं. परवा तिसऱ्यांदा. मी खिडकीतून बघतो, तो घासतो, पुसतो, मोजतो, पुन्हा पुसतो. मी घाई कर म्हटलं तर त्याला संशय येईल. तुझं पत्र त्यानं भिंतीवर लावलंय, प्रार्थना लावतात तसं. तूच त्याला घाई करायला सांग. कारण सांगायचं नाही. आईच्या कबरीची शपथ.

आणि तिथं डोंगरावर, आईच्या शेजारी, माझ्यासाठी जागा राखून ठेव. मिशिगनला मी कामापुरता आलो होतो.

तुझं मापाचं घड्याळ माझ्याकडेच आहे. आता वेंडेलकडून माग.

रॉयस

❖

हॅझर्ड, केंटकी
३ एप्रिल १९८९

वेंडेल,

काय चाललंय? इकडे झाडांना पालवी फुटली आणि तुझी गाडी अजून ठोकळ्यांवर? बंद कर ते अ‍ॅक्सल. तेल भर, चाकं लाव, खाली उतरव.

आणि ते पाचशेचं फार मनावर घेऊ नकोस. म्हातारी माणसं आकडा फुगवून सांगतात, म्हणजे पोरं निदान निम्मा तरी पाळतात. पन्नास पुरेत. आजकालचं लोखंड चांगलं असतं. हवा बरी दिसली की रॉयसला शेजारी बसव आणि शहराबाहेर सरळ रस्त्याला लागलास की तिसऱ्यात टाकून दाब. पुढच्या रविवारीच जा. बापाला पहिल्या फेरीत नेलं की गाडीला यश येतं, असं आमच्याकडे म्हणतात.

लगेच कर.

ऑर्विलकाका

❖

टेलर, मिशिगन
२० एप्रिल १९८९

प्रिय ऑर्विलकाका,

गाडी ८ तारखेला चाकांवर उतरवली. आदल्या आठवड्यात दोन दिवस पाऊस झाला आणि मीठ वाहून गेलं. बाबा गॅरेजच्या दाराशी स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसले होते, अंगावर कोवाल्स्कीकाकूंची गोधडी. काकू म्हणाल्या, “पोप येणारे का, एवढे नटून बसलात?” बाबा म्हणाले, “पोपच्या गाडीला एवढे घोडे कुठले?”

मी पंधरा मैल सावकाश फिरून आलो. मागून काहीही आवाज नाही. अ‍ॅक्सलवर हात ठेवला, गरम होतं, पण हात ठेवता येत होता. पूर्ण थंड होऊ दिलं. तेव्हापासून दिवसाआड पंधरा मैल करतो. आतापर्यंत नव्वद झाले.

काका, तुमच्या ३ एप्रिलच्या पत्रातलं मला पटलं नाही, माफ करा. फेब्रुवारीत तुम्हीच लिहिलंत, पाचशे म्हणजे पाचशे. ते पत्र भिंतीवर आहे आणि त्यातलं अक्षर ठाम आहे. या पत्रातलं अक्षर घाईचं आहे. आणि पहिल्या फेरीत बापाला नेलं की यश येतं असं तुमच्याकडे म्हणतात, हे मी बाबांना विचारलं. त्यांनी असं कधी ऐकलेलं नाही.

बाबांना अजून बसवलेलं नाही. अर्धवट काम त्यांना दाखवायचं नाही असं मी ठरवलं आहे. या हिशेबानं जूनच्या मध्याला पाचशे होतील. तेल बदलीन आणि मग त्यांना घेऊन जाईन. ही रस्त्यावर येईपर्यंत कुठे जात नाही, असं ते स्वतःच म्हणाले आहेत. मग घाई कशाची?

तुमचा,
वेंडेल

❖

हॅझर्ड, केंटकी
१ मे १९८९

वेंडेल,

मला शपथ घातली होती ती मोडतोय. रॉयस रागावेल तर माझ्यावर रागावू दे, आयुष्यभर रागावत आलाय.

तुझे बाबा मरणार आहेत, पोरा. छातीचं दुखणं बरं होणारं नाही. जून त्यांच्याकडे नाही. तुझे हात थरथरतील म्हणून त्यांनी तुला सांगितलं नाही. त्या गाडीत तुझ्या शेजारी बसायचं आणि एकदा पाठ सीटला चिकटवून घ्यायची, एवढंच त्यांना हवंय. दुसरं काही मागितलेलं नाही.

गिअरचे तुकडे झाले तर होऊ देत. मी तिकडे येऊन माझ्या हातांनी दुसरे बसवून देईन. दात पुन्हा मिळतात.

हे पत्र खाली ठेव आणि जा.

ऑर्विलकाका

❖

टेलर, मिशिगन
४ जून १९८९

प्रिय ऑर्विलकाका,

काल संध्याकाळी घरी पोहोचलो. तुमच्या शेजाऱ्यांनी दिलेला हॅम आणि घेवड्याचा डबा वाटेत खाल्ला. त्यांना सांगावं.

डोंगरावर, माती लोटून झाल्यावर, तुम्ही माझा खांदा धरून विचारलंत, “माझं पत्र मिळालं होतं का?” इतक्या मोठ्यानं विचारलंत की पाद्रीबाबा बोलता बोलता थांबले. मी मान हलवली. मग विचारलंत, “नेलं होतंस?” मी पुन्हा मान हलवली. ते खरं आहे, पण अर्धं. उरलेलं तुम्हाला ऐकवायचं तर सगळ्या स्टिडम मंडळींसमोर ओरडून सांगावं लागलं असतं. म्हणून लिहितो.

मला फेब्रुवारीपासून माहीत होतं.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात मला अ‍ॅक्सलच्या बोल्टांसाठी रिकामा डबा हवा होता. ओट्याखाली पाहिलं तर बाबांनी कॉफीचा एक पौंडाचा डबा आणलेला. मी जन्मात आमच्या घरात एक पौंडाचा डबा पाहिला नव्हता. म्हटलं, “बाबा, हा कसला खेळण्यातला डबा?” म्हणाले, “मोठ्यातल्या कॉफीचा तळाशी वास जातो.” तळाशी, काका. मोठ्या डब्याच्या तळापर्यंत पोहोचायचा हिशेबच त्यांनी सोडला होता. मी दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फोनवरून डॉक्टरांना विचारलं. मुलाला सांगू नका अशी त्यांना ताकीद होती, म्हणून ते काही बोलले नाहीत. पण फोनही ठेवेनात.

मग मला ते वाक्य आठवलं. ही रस्त्यावर येईपर्यंत मी कुठे जात नाही. मी बावीस वर्षांचा आहे. गाडी अपुरी ठेवल्यानं माणूस थांबत नाही हे मला कळतं. पण हातांना ते पटेना. तुम्हाला पाठवलेला ठसा उत्तम होता, मलाही दिसत होतं. तरी मी ते अ‍ॅक्सल तीनदा उघडलं, आणि प्रत्येक वेळी तीच चकती पुसून त्याच जागी परत बसवली. दिवसाआड पंधरा मैल हेही त्यासाठीच. रोजही जाता आलं असतं.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. त्यातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचत राहिलो, दात पुन्हा मिळतात. बाबांना काय हवंय ते मला माहीतच नव्हतं. त्यांना तयार झालेली गाडी पाहायची आहे, असंच मी समजत होतो.

रविवारी दुपारी मी त्यांना उचलून गाडीत बसवलं. क्लच आणि गिअरबॉक्स उचलताना मला जास्त जोर लागला होता. कोवाल्स्कीकाकूंनी गोधडी गुंडाळली आणि खसखशीचे दोन रोल कागदात बांधून दिले. म्हणाल्या, “दोघं पोरी बघायला चाललात का?” बाबा म्हणाले, “एक आहे मनात. पण ती कुंपणापलीकडे राहते आणि बश्या मोजते.” काकू हसत हसत आत गेल्या आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

दक्षिणेला मन्रोच्या बाजूला गेलो. दोन्हीकडे सपाट शेतं, रस्ता दोरीसारखा सरळ, पुढेमागे कुणी नाही. मी तिसऱ्यात टाकली. म्हटलं, “बाबा, धरून बसा.”

गिअरच्या दांड्यावर माझा हात होता, त्यावर त्यांनी स्वतःचा हात ठेवला.

“मैल किती झालेत?”

“दोनशेच्या वर.”

“मग?”

“काकांनी लिहिलंय, पन्नास पुरेत.”

“ऑर्विलला खोटं बोलता येत नाही. लहानपणी त्याच्यामुळे मीच मार खायचो. वेग पन्नासच्या आत ठेव.”

मी म्हटलं, “बाबा, एकदा दाबू द्या. तुम्हाला हवंय ना? फुटले तर फुटले.”

ते रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, “इंजिन माझं होतं, ते मी वाजवून पाहिलंय. मागचं सगळं तुझं आहे. माझ्यापायी तुझं काम जाळायचं नाही.”

मग मी सांगितलं, “मला माहीत आहे, बाबा. फेब्रुवारीपासून.”

“तिसऱ्यांदा उघडलंस त्यानंतर माझ्याही डोक्यात आलं,” ते म्हणाले. “चांगलं बसलेलं काम कुणी उगाच तीनदा काढत नाही. तुझे हात बघत होतो मी खिडकीतून. एकदाही थरथरले नाहीत रे.”

त्यांनी रोलचा एक तुकडा तोडून मला भरवला, कारण माझे दोन्ही हात गुंतले होते. स्वतः नुसता हुंगला. नंतर खिडकीची काच खाली केली आणि मान मागे वळवून अ‍ॅक्सलकडे कान लावला. बराच वेळ तसेच होते. म्हणाले, “अजिबात रडत नाही.” मग म्हणाले, “घरी चल, मला थंडी वाजतेय.”

एवढंच झालं. मी पाय दाबला नाही. त्यांची पाठ सीटला चिकटली नाही. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत. २५ तारखेला सकाळी गेले. कॉफी चढवली होती, ती तशीच राहिली. डबा अजून निम्मा आहे.

शववाहिनीच्या मागे मी शेव्हेल घेऊन निघालो आणि तिच्या ड्रायव्हरला सांगितलं, ताशी पन्नासच्या वर जाऊ नका. त्याला वाटलं दुःखानं बोलतोय. म्हणाला, “जसं तू म्हणशील, बाळ.” ओहायोभर ट्रकवाले आम्हाला भोंगे देत ओलांडून गेले. नदी ओलांडून केंटकीत शिरलो आणि थोड्याच वेळात पाचशे पुरे झाले. पुढे मोठा रस्ता सोडून डोंगरातल्या रस्त्याला लागलो, तशा समोरून येणाऱ्या गाड्या कडेला घेऊन थांबायला लागल्या. एका कोळशाच्या ट्रकचा माणूस खाली उतरून टोपी काढून उभा राहिला. मिशिगनमध्ये मी हे कधी पाहिलं नव्हतं. बाबांना ओळखत असेल असं मला आधी वाटलं.

आज सकाळी अ‍ॅक्सलचं झाकण काढून तेल बदललं. तेलात बारीक चमकती पूड होती, दोन बोटांत चोळली तरी न टोचणारी. उघडलंच होतं म्हणून पिवळी पेस्ट लावून ठसा घेतला. सोबत पाठवला आहे. बरोबर आहे का ते कळवावं.

आणि एक विचारायचं आहे. पाचशे झाले, तेल बदललं, आता दाबायला हरकत नाही. पण मला दाबता येत नाही. काल येताना रिकामा रस्ता दोनदा मिळाला. पाय तिथपर्यंत जातो आणि थांबतो. काय करू?

तुमचा,
वेंडेल

ता.क. मापाचं घड्याळ पुसून, तेल लावून वेगळं ठेवलं आहे. तुमचं आहे असं बाबांनी सांगितलं.

❖

हॅझर्ड, केंटकी
११ जून १९८९

वेंडेल,

दोन्ही ठसे टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. मार्चमधला आणि हा. नवा जरा रुंद आहे, दात आता पुरते बसलेत. जागा तीच. मार्चमध्ये मी तुला भित्रा समजलो. ते परत घेतो.

मी तुला नको ते सांगत होतो आणि रॉयसनं मला खोटं पाडलं. मला राग यायला हवा, पण काल दिवसभर मी ओसरीत बसून एकटाच हसत होतो, बायको बाहेर येऊन बघून गेली. तो असाच होता. दुसऱ्याचं काम कधी खराब करू दिलं नाही, स्वतःचं आयुष्य मात्र वाटेल तसं वापरलं.

घड्याळ ठेव तुझ्याकडे. मला आता काय मोजायचंय.

चार जुलैला सुट्टी असेल. गाडी घेऊन ये. कबरीवर दगड बसवायचा आहे, त्याला दोन माणसं लागतात. तो झाला की आपण खाली जाऊ. डोंगराच्या पायथ्याशी खाणीचा जुना रस्ता आहे, मैलभर सरळ, वरच्या कबरींतून पूर्ण दिसतो. एकोणसत्तर साली गाडी नवी कोरी असताना रॉयस ती घेऊन आला होता, आणि मला शेजारी बसवून त्यानं तिथंच तिसऱ्यात दाबली होती. माझी टोपी खिडकीतून उडून ओढ्यात गेली. तो हसून हसून गाडी थांबवेना.

तू चालव. मी त्याच्या जागेवर बसतो. मला ऐकू काहीच येणार नाही, पण पाठीला कळेल. पाय थांबला तर थांबू दे, आपण वळून पुन्हा येऊ. पाहिजे तितक्या वेळा येऊ, रस्ता कुठे जात नाही.

टोपी मी घरी ठेवून येईन.

ऑर्विलकाका